धोट्या, जरा दम खा

माझा धंदा आवाजाचा. 'सम्यक साऊंड सर्व्हिस', बुधवार पेठ, सोलापूर. जयंती असो, लग्न असो, निवडणूक असो, आवाज हवा असला की माणूस माझ्याकडे येतो. शांतता हवी असली तरी येतो, पण तेव्हा तो भांडायला आलेला असतो. माझ्या कपाळावर कायमची आठी आहे ती या दुसऱ्या प्रकारच्या लोकांमुळे.

संघप्रियाला पहिला माईक मी दिला. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. जयंतीचा कार्यक्रम होता, ती तिसरी-चौथीत असेल. माईकचा स्टँड काही तिच्या तोंडापर्यंत खाली येईना, म्हणून मी तिला सोडावॉटरच्या क्रेटवर उभं केलं. तिनं स्वतः रचलेलं चार ओळींचं गाणं म्हटलं आणि पानटपरीवरचं भांडण थांबलं. पुढं ती स्वतःच लिहायला लागली, स्वतःच चाल लावायला लागली, आणि बघता बघता मोठी झाली. आता पुण्यात राहते. तिची गाणी कुठल्या कुठल्या देशांत ऐकतात म्हणे. मला मात्र अजून यशपालदादाच म्हणते, आणि मी तिला संघा म्हणतो.

तेव्हापासूनची आमची एक पद्धत आहे. कार्यक्रमाआधी विठाबाईंना अगदी शेवटच्या रांगेत बसवायचं. विठाबाई आमच्याच गल्लीतल्या, जन्मभर विड्या वळलेल्या. संघा माईकवर एक ओळ म्हणणार आणि ती नीट कळली तर विठाबाई हात वर करणार. नुसता आवाज पोचून भागत नाही, शब्द पोचला पाहिजे. हात वर झाला नाही की मी मिक्सरवरचं बटण वर सरकवणार. आता विठाबाईंचे कान निम्मे गेलेत, पण ती जागा त्यांनी सोडलेली नाही. त्यांना ऐकू गेलं म्हणजे भिंतीलाही गेलं, असं भार्गवी म्हणते.

भार्गवी बँकेत नोकरीला आहे आणि आमच्या श्रोता मंडळाची सेक्रेटरी आहे. अध्यक्ष मी, कारण बॉक्स माझे. मंडळाचा नियम एकच. संघाचं नवं गाणं कुणी एकट्यानं कानात बोंडं घालून ऐकायचं नाही. पहिलं ऐकणं चौकात, सगळ्यांनी मिळून, माझ्या बॉक्सवर. जो नियम मोडेल त्यानं मंडळाला चहा पाजायचा. पोस्टातला सतीश दर वेळी पाजतो.

मार्चमध्ये संघाचा व्हिडिओ आला. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी नवा अल्बम, नाव 'पत्र्यावरचं ऊन'. आणि त्यानंतर ती ऑपेरा करणार होती, मराठीत, स्वतः लिहिलेला. नाव 'धोटा'. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं धावत आडवं सूत नेणारं लाकूड, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागलं ते ऑपेराचं.

"ऑपेरा म्हंजे पिक्चर हाय का?" सतीशनं विचारलं. आम्ही सगळे माझ्या दुकानासमोर खुर्च्या टाकून बसलो होतो.

"नाटकच असतं," भार्गवी म्हणाली. "पण त्यात कुणी बोलत नाही. सगळं गाऊन. भांडायचं तरी गाऊन, पाणी मागायचं तरी गाऊन."

"आमच्या सासूबाई तशाच हुत्या," विठाबाई म्हणाल्या.

सगळे हसले, मीही हसलो. मग भार्गवी फोनमध्ये बघत म्हणाली, "आणि त्यात माईक वापरत नाहीत. गळा असा तयार करतात की सगळं थिएटर भरून जातं. संघा तीन वर्षं तेच शिकतेय."

माझं हसू तिथंच आटलं. मला कुणी काढून टाकलं नव्हतं. मी लागतच नव्हतो, एवढंच. काढून टाकलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर खेकसलो. माईकशिवाय गाणं म्हणजे मिठाशिवाय कालवण, असं जो भेटेल त्याला सांगत सुटलो. माझी बायको रुपाली शेवटी म्हणाली, "तुमाला तिच्या गाण्याची काळजी हाय का तुमच्या बॉक्सची, ते एकदा ठरवा की." मी चप्पल घालून दुकानात निघून आलो. खरं ऐकून घ्यायची मला सवय नाही, कारण आमच्या धंद्यात सगळं मोठ्यानं बोलावं लागतं आणि खरं बहुधा हळू बोलतात.

मग संघाचा फोन आला.

"दादा, तुझ्याशिवाय एक काम अडलंय," ती म्हणाली. "ऑपेरा बसवणारी संस्था पुण्याची आहे. पहिला प्रयोग पुण्यातच करू म्हणतात. मी म्हटलं, गोष्ट सोलापूरची आहे, पहिला प्रयोग सोलापुरात. तर म्हणतात, तिथल्या लोकांना दणदणाटाची सवय, माईकशिवाय कोण ऐकणार?"

"बरोबरच हाय की," मी म्हटलं.

"ऐक तर. मी त्यांना म्हटलं, एक प्रवेश सोलापुरात गाऊन दाखवते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळले तर पहिला प्रयोग सोलापूरचा. नाही कळले तर पुण्याचा, मी परत विषय काढणार नाही. अल्बम येतोय त्याच शुक्रवारी संध्याकाळी ते येतील. दुसरा दिवस त्यांना नाही."

"मग माईक न्हाय तर मी काय करू तितं?"

"बाकीचे सगळे आवाज बंद कर. ते तुझ्याइतकं कुणाला जमणार?"

मी फोन ठेवला. आयुष्यभर आवाज वाढवणाऱ्या माणसाला हे काम सांगणं म्हणजे आचाऱ्याला उपास धरायला बोलावणं. पण पुण्याचे लोक सोलापूरला नावं ठेवून जाणार हे काही मला चालण्यासारखं नव्हतं. मीच ठेवीन, मला अधिकार आहे.

जागा तिनं सांगितली ती साखर पेठेतल्या जुन्या वाचनालयाचा हॉल. दगडी भिंती, उंच छत, माईक येण्याआधी बांधलेला. मी दुपारी एकटाच जाऊन खुर्ची टाकून बसलो आणि कान लावला. छताचे पंखे कुरकुरत होते. मागं पाण्याची मोटर होती. रस्त्यावरून भंगारवाल्याची रिक्षा आरोळी वाजवत गेली, आणि ती आरोळी मीच रेकॉर्ड करून दिलेली. या सगळ्याच्या खाली, भिंतीतूनच येतोय असा, यंत्रमागांचा खडखडाट. हॉलला लागून यादगिरीशेठचा टॉवेलचा कारखाना आहे. तो आवाज सकाळी सुरू होतो आणि मग कुणाला ऐकू येत नाही, इतकी सवय झालेली असते. त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आला.

पंखे, मोटर, भंगारवाला, यांचं बघता आलं असतं. मी कारखान्यात गेलो. यादगिरीशेठ दारातच स्टुलावर बसले होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

"माग थांबवायचं? गाण्यासाठी?" ते म्हणाले. "अरे, मंत्री आला तरी थांबवला नाय मी. आणि ह्या पेठेत माग मधीच थांबला म्हणजे लोकं काय समजतात, माहिताय ना रा तुला?"

माहीत होतं. एक तर कुणी तरी गेलं, नाही तर कारखाना बंद पडला.

"संघप्रियाचं गाणं हाय, शेठ," मी म्हटलं.

"ती? कांड्या भरायची त्या बाईची पोरगी?" त्यांनी आत, मागांकडे बोट केलं. "तिची आई हितं, ह्या कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत भरायची. दिवसभर तोंड चालू असायचं तिचं, गायची. काय गायची ते मला कधी ऐकूच आलं नाय. मागाच्या आवाजात काय ऐकू येणार." मग ते उठले. "तू दारात उभा राहा आणि हात वर कर, मी बंद करतो. परत हात वर केला की चालू. पण लवकर आवर."

इथवर सगळं सरळ झालं होतं. पण माझा जीव काही भांड्यात पडेना. बाहेरचे आवाज बंद केले तरी माणसाचा गळा तो गळाच. विठाबाईंचे कान निम्मे, आणि पुण्याचे लोक त्यांनाच विचारणार. म्हणून मी कुणाला न सांगता एक गोष्ट केली. स्टेजच्या कडेला कागदी फुलांची फुलदाणी असते, तिच्यात काळ्या मानेचा एक बारका माईक बसवला. पुस्तकांच्या कपाटांमागं दोन छोटे बॉक्स ठेवले. मिक्सर बाजूच्या खोलीत, पडद्याआड. शब्द पोचला नाही तर बटण एवढंसं सरकवायचं, संघालाही कळणार नाही. तिला हरताना बघण्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला सांगितलं. माझे बॉक्स लागले असते, हेही त्यात होतंच.

शुक्रवारी सकाळी चौकात अल्बम ऐकला. कडक ऊन पडायच्या आत सगळे जमले होते. सतीशनं शपथेवर सांगितलं की त्यानं अजून ऐकलेला नाही, आणि कुणाचाच विश्वास बसला नाही. गाणी सुरू झाली. पत्र्याची घरं, पाण्याची रांग, दुपारी दार लोटून जेवणाऱ्या बाया, सगळं आमचंच, आणि तरी नवं. पोरं नाचली, विठाबाईंनी टाळ्यांनी ठेका धरला. आणि शेवटच्या गाण्याला एकदम सगळी वाद्यं गेली. नुसता तिचा आवाज.

"यशपाल, वायर निघाली बघ बे," सतीश ओरडला.

मी धावत जाऊन दोन्ही वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं. गाणंच तसं होतं. नाचणारी पोरं होती तिथंच खाली बसली. गाणं संपल्यावर सतीशनं नाक शिंकरलं आणि धुळीला शिव्या दिल्या. मला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. हे सगळ्यांना ऐकू गेलं ते माझ्या बॉक्समुळं. संध्याकाळी बॉक्स नसणार होते.

संध्याकाळी हॉलमध्ये आमचं मंडळ आणि वाचनालयात पेपर वाचायला येणारे चार म्हातारे, एवढेच होते. मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पुण्याहून एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक दाढीवाले गृहस्थ आले होते. बाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विठाबाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पदर सावरून बसल्या होत्या.

संघा स्टेजवर आली. साधी सुती साडी, हातात एक जुना धोटा. मी मोटर बंद करून आलोच होतो. मग पंखे बंद केले. उन्हाळ्यातलं सोलापूर काय असतं ते पुण्याच्या पाहुण्यांना लगेच कळलं. मी कारखान्याच्या बाजूच्या दारात गेलो आणि हात वर केला.

माग थांबले. एकेक करत, आतल्या बाजूपासून, आणि शेवटचा थांबला तेव्हा सगळ्या पेठेवरून कुणी तरी पांघरूण ओढून घेतल्यासारखं झालं. कुठल्या तरी घरात भांडं पडलेलं ऐकू आलं. आणि मग चपलांचे आवाज.

लोक धावत येत होते. स्वयंपाक टाकून बाया आल्या, लुंग्या सावरत म्हातारे आले, सगळे कारखान्याकडे. "कोन गेलं?" "काय झालं, बंद पडलं का?" यादगिरीशेठ हात जोडून सगळ्यांना सांगत होते, "कोन गेलं नाय बाबा. गाणं हाय. आत बसा. बोलू नका." मागावरचे कामगारही बाहेर आले, अंगावर सुताचा भुगा तसाच. खुर्च्या भरल्या, कडेच्या भिंती भरल्या, खिडक्यांत माणसं आली. जाहिरात करून एवढी जमली नसती. पुण्याच्या बाई वळून वळून बघत होत्या.

मी पडद्याआड मिक्सरपाशी गेलो. अंगठा बटणावर ठेवला.

संघानं सुरुवात केली. ती अगदी हळू केली. प्रवेश असा होता, की कांड्या भरणारी एक बाई दिवसभर मागाच्या आवाजात गात असते, आणि तिचं गाणं तिला स्वतःलाही कधी ऐकू आलेलं नसतं. मी पडद्याच्या फटीतून विठाबाईंकडे बघितलं. हात मांडीवर. संघानं पुढची ओळ घेतली. हात मांडीवरच. माझा अंगठा घामानं निसटायला लागला. आता, मी स्वतःला म्हटलं, आता सरकव.

आणि तेवढ्यात मला लोक दिसले. माझे बॉक्स लागले की पुढच्या रांगेतली माणसं मागं सरकतात, कानावर हात ठेवतात, बाया पोरांना पोटाशी धरतात. हे मी इतकी वर्षं बघत आलोय आणि त्यालाच चांगला आवाज समजत आलोय. इथं सगळा हॉल पुढं झुकला होता. म्हातारे खुर्चीच्या काठावर आले होते. खिडकीतल्या कामगारानं गज धरून तोंड आत घातलं होतं. घामाच्या धारा लागल्या होत्या आणि पुसायला कुणी हात उचलत नव्हतं. तिच्याकडून येणारा शब्द ते सगळे मिळून ओढून घेत होते. मग तिनं गळा सोडला.

"धोट्या रे धोट्या, जरा दम खा,
माझ्या गळ्यातलं मला ऐकू दे."

तो आवाज मोठा नव्हता, माझा मोठ्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. तो भरलेला होता. छताला लागला आणि खाली आला, आणि शेवटच्या रांगेत विठाबाईंचा हात वर गेला.

तो हात खाली आलाच नाही. त्यांच्या शेजारच्या बाईला वाटलं, तशीच रीत असेल, तिनंही हात वर केला. मग खिडकीतल्या कामगारानं केला. मग मागची सगळी रांग हात वर करून बसली, शाळेतल्या पोरांसारखी, आणि संघा गात होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण गळा जरासुद्धा हलला नाही. मी माईकची वायर मिक्सरला जोडणारी बारकी पिन काढून खिशात घातली. मग पडद्याबाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो, श्रोता म्हणून. हात मीही वर केला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

गाणं संपल्यावर टाळ्यासुद्धा जरा उशिरा आल्या. पुण्याच्या बाई थेट शेवटच्या रांगेत गेल्या.

"आजी, काय ऐकलंत तुम्ही?"

विठाबाईंनी हात एकदाचा खाली घेतला. "ती धोट्याला म्हनली, दम खा. मला माजं ऐकू दे म्हनली." मग त्या म्हणाल्या, "तिची आई बी असंच कायतरी म्हनत असंल. त्या खडखडाटात कुनाला कुटं ऐकू येत हुतं."

बाई घाम पुसत दाढीवाल्यांना म्हणाल्या, "पहिला प्रयोग सोलापूरचा. पण डिसेंबरात." भार्गवीनं ते ऐकलं आणि सतीशला मिठी मारायची तेवढी राहिली.

संघा खाली उतरून माझ्याकडे आली. येताना तिनं फुलदाणीकडे बघितलं.

"दादा, कागदाच्या फुलांना काळी मान कधीपासून फुटायला लागली?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी खिशातली पिन काढून तिच्या हातावर ठेवली. ती पिन तिनं उलटसुलट करून बघितली, आणि मूठ मिटली.

"चालू नव्हता ना?"

"न्हाय. लागलाच न्हाय."

"डिसेंबरात पण तूच लागणार आहेस," ती म्हणाली. "आज केलंस ते सगळं. एवढी शांतता मला दुसरं कोण करून देणार?"

लोक अजून उठले नव्हते. पंखे बंद, घामानं भिजलेले, तरी बसून होते, हळू हळू बोलत होते. बाहेर कुठं तरी चिमण्या होत्या. साखर पेठेत चिमण्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

यादगिरीशेठ कारखान्याच्या बाजूच्या दारातून डोकावले.

"यशपाल, झालं ना रा? हात कर की. चालू करतो."

माझा हात खालीच होता. मी तो तसाच ठेवला.

"थांबा की, शेठ," मी म्हटलं. "जरा दम खा."